टपालगाडीच्या आधी

"पाय पूस आधी," मी म्हटलं. "सकाळी उठून फरशी पुसलीय मी. तुझ्यासाठी नाही, गावासाठी."

हॉलिसने खाली पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बुटांना शेवाळ चिकटलेलं. दारातल्या पायपुसण्यावर त्याने दोन्ही बूट नीट घासले, टोपी काढून खिशात कोंबली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. सव्वाआठ वाजले होते. ग्रामसभा नऊला होती. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडून झाल्या होत्या, आणि मागच्या खोलीतून काकवी घातलेल्या घेवड्याच्या हंड्यांचा वास यायला लागला होता.

"बाई आल्या का?" त्याने विचारलं.

"आठलाच आल्या. पुढच्या रांगेत बसल्यात, विणकाम घेऊन."

"बरं झालं. पहाटे रस्ता कोरडा करून दिला होता मी."

"ते तू सांगायला नको. तुझी पँट सांगतेय."

एरवी तो हसला असता. मी यादीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि मतदानाचं पिवळं कार्ड त्याच्या हातात दिलं. ते घेऊन तो तसाच उभा राहिला.

"नोरीन, आज मला विचारतील."

"विचारू देत. नेहमीसारखं सांग."

"नेहमीसारखं," तो म्हणाला आणि पुढच्या रांगेकडे पाहत राहिला. तिथे लंटबाईंची पाठ दिसत होती, राखाडी स्वेटरमधली, ताठ. "त्यांचं सगळं तिथेच आहे गं."

मागे लोक यायला लागले होते, म्हणून मी त्याला हीटरजवळ पिटाळलं. साठी उलटलेल्या माणसाने ओल्या पँटीत मार्च महिन्यात उभं राहू नये, एवढंच त्या घटकेला माझ्या डोक्यात होतं.

आमचं गाव अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार टोकाला, समुद्रावर. मी गावाची चिटणीस, गेली अठरा वर्षं. कुत्र्याच्या परवान्यापासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद माझ्या हाताखालून जातात. आणि हॉलिस आमच्या गावाचा रस्ते आयुक्त. पद ऐकायला भारदस्त आहे. आयुक्तसाहेबांकडे एक ट्रक, एक लोडर आणि एक फावडं आहे, आणि ते तिन्ही चालवायला आयुक्तसाहेबच. हिवाळ्यात बर्फ काढायचं, उन्हाळ्यात खड्डे बुजवायचे. दरवर्षी ग्रामसभेत त्याचं नाव पुकारलं जातं, सगळे हात वर करतात आणि विषय संपतो. सव्वीस वर्षं असंच चाललंय. त्याच्या आधी त्याचे वडील होते.

वडिलांनी त्याला एकच नियम शिकवला होता: टपालाची गाडी यायच्या आत रस्ता कोरडा पाहिजे. टपालगाडी सातला निघते. त्या आधी बर्फ असो, कोसळलेलं झाड असो, नाहीतर समुद्राने आणून टाकलेला कचरा असो, लोकांच्या डोळ्यांना काही दिसता कामा नये. लोक उठतात तेव्हा रस्ता रस्त्यासारखा असावा. म्हातारा म्हणायचा, "रस्त्याबद्दल लोक बोलायला लागले, की समज आपलं काहीतरी चुकलं." हॉलिसने ते शब्द देवाच्या आज्ञेसारखे पाळले. इतर रस्त्यांचं ठीक होतं. लंट पॉइंटच्या रस्त्यानेच सगळा घोळ केला.

लंट पॉइंट म्हणजे समुद्रात शिरलेला जमिनीचा एक दांडा. तिथे जायला खाजणातून, म्हणजे भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून, अर्धा मैल बांध आहे, बांधावरून रस्ता. पलीकडे अकरा घरं. त्यातली सहा उन्हाळ्यापुरती उघडतात, पाचांत लोक बारा महिने राहतात. मी लहान होते तेव्हा वर्षातून दोन-तीनदा, तेही मोठं वादळ झालं तर, पाणी बांधावर यायचं. मग सगळं गाव बघायला जायचं. आता वादळ लागत नाही. पौर्णिमा-अमावस्येचं साधं उधाण पुरतं.

पुढच्या रांगेतल्या लंटबाई त्या पाच घरांतल्या एका घरात राहतात. वय त्र्याऐंशी. चाळिशीच्या पुढच्या सगळ्या गावाला त्यांनी शिकवलंय, त्यामुळे नातवंडं झालेले बाप्येसुद्धा त्यांना बाईच म्हणतात. हॉलिसचं प्रकरण जरा निराळं. अकरा वर्षांचा झाला तरी त्याला वाचता येत नव्हतं. शाळेने हात टेकले होते. तेव्हा बाई त्याला आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर घरी बोलवायच्या. पोरगं बांधावरून चालत जायचं, बाईंच्या स्वयंपाकघरात दोन तास बसायचं आणि चालत परत यायचं. दोन हिवाळे गेले, तेव्हा कुठे तो वाचायला लागला. हे तो कुणाला सांगत नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. छोट्या गावात न सांगितलेलंच जास्त ठाऊक असतं.

नऊला एव्हरेटने हातोडा आपटला. एव्हरेट पिंकम आमचा सभाध्यक्ष. नियम तोंडपाठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शाळा, अग्निशमन, वाचनालयाचं छप्पर असे तीस ठराव झाले, आणि तेवढ्यात साडेदहा वाजले. मग त्याने घसा साफ केला.

"ठराव एकतीस. लंट पॉइंटचा रस्ता येत्या एक नोव्हेंबरपासून गावाने सोडून द्यावा का?"

सोडून देणं म्हणजे डागडुजी नाही, बर्फ काढणं नाही, शाळेची बस नाही. राहायचं त्याने आपल्या जबाबदारीवर राहावं, भरती-ओहोटी पाहून यावं-जावं. हे सगळं कागदावर सरळ लिहिलं होतं. राजधानीतून आलेल्या इंजिनिअरचा अहवाल जोडला होता. बांध पाच फूट उंच केला तर तीस वर्षं निभावेल, आणि त्याला जो खर्च येईल त्यात आमच्यासारखी दोन गावं विकत घेता येतील. पर्याय दुसरा: सोडून द्या.

सगळ्यात आधी डेल उठला. डेल स्प्रोल, शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडणारा, आवाज असा की त्याला माईक देणं म्हणजे पाप.

"मी वीस वर्षं सांगतोय, हे हवामानबिवामान सगळं थोतांड आहे. समुद्र वर येतो, खाली जातो. माझा आजा हेच सांगायचा. पण म्हणून खाजणात खडी ओतत बसायचं? दर्यात खसखस! करा बंद."

"मग तुझे शेवंड कुठे गेले रे डेल?" मागून कुणीतरी ओरडलं. "कॅनडात फिरायला?"

"ते वेगळं," डेल म्हणाला. "त्यांना इथलं पाणी गरम पडायला लागलं."

सगळी व्यायामशाळा हसली. काय बोललो ते डेलला अर्ध्या मिनिटाने कळलं आणि तोही हसला, पण बसताना चेहरा पडला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने धाकटी बोट विकली, हे हसणाऱ्यांना माहीत होतंच.

मग बॉस्टनहून निवृत्त होऊन आलेल्या मिसेस वेदरबी उठल्या. टेकडीवर त्यांचं मोठं घर आहे, छपरावर सौर पाट्या. पृथ्वी तापते आहे, आपण झोपलो आहोत, पुढच्या पिढ्या आपल्याला माफ करणार नाहीत, असं त्या बोलत राहिल्या. खोटं काहीच नव्हतं. पण वर्षानुवर्षं ऐकून कानाला घट्टे पडतात. लोक खुर्चीत सरकायला लागले.

"मॅडम," एव्हरेट शेवटी म्हणाला, "पृथ्वीचा ठराव यादीत नाहीये. रस्त्याचा आहे. बाजूने की विरुद्ध?"

त्या गोंधळल्या. "मला... मला अजून ठरवता येत नाहीये," असं म्हणून बसल्या. त्यांची मला पहिल्यांदाच कणव आली. कुणालाच ठरवता येत नव्हतं. आम्ही सगळे दमलो होतो. तीन वर्षं हाच रस्ता, हीच भांडणं. विमा कंपन्यांची पत्रं, बसचालकाने पलीकडे जायला दिलेला नकार, चर्चमध्ये एकमेकांशी न बोलणारी दोन कुटुंबं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, असं झालं होतं.

तेव्हा गॅरेट उठला. तिशीतला, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. चार वर्षांपूर्वी त्याने आणि त्याची बायको मेरेडिथने लंट पॉइंटवर घर घेतलं. मेरेडिथ शेजारीच बसली होती, मांडीवर झोपलेली लेक.

"आम्ही काय वेडे नव्हतो," गॅरेट म्हणाला. "घर घ्यायच्या आधी चौकशी केली. ज्याला त्याला विचारलं, रस्त्याचं काय? जो तो म्हणाला, हॉलिसला विचार. मी विचारलं. बांधावरच गाठलं त्याला."

"काय म्हणाला?" एव्हरेटने विचारलं.

"म्हणाला, माझ्या हयातीत तरी काही होत नाही." गॅरेटने हीटरकडे पाहिलं. "आणि मला तरी हा मेलेला दिसत नाही."

लोक पुन्हा हसले. गॅरेट हसला नाही.

"म्हणून म्हणतो, त्या कागदावरच्या इंजिनिअरला सोडा. तो दोन दिवस आला आणि गेला. हॉलिस सव्वीस वर्षं तिथे आहे. त्याला विचारा. तो टिकेल म्हणाला तर टिकेल, आणि मग हा ठराव फेकून द्या."

माना हलल्या. एक-दोन नाही, जवळजवळ सगळ्या. डेलसुद्धा म्हणाला, "हे बरोबर बोलला. हॉलिस म्हणेल ते." माझी खात्री पटली, हॉलिसने नुसतं हो म्हटलं तरी रस्ता वाचतो, लंटबाई आपल्या घरात राहतात, त्या पोरीला शाळेची बस मिळते. एक शब्द बोलायचा होता. तोही त्याने आधी शंभरदा बोललेला.

"हॉलिस," एव्हरेट म्हणाला, "सभेची इच्छा आहे. रस्ता तुझ्याने टिकेल का?"

हॉलिस हीटरपासून पुढे आला. टोपी खिशातून काढली, दोन्ही हातांत धरली. त्याने लंटबाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, का कुणास ठाऊक. मग जमिनीकडे.

"नाही," तो म्हणाला.

कुणीतरी म्हणालं, "काय? मोठ्याने बोल."

"नाही टिकणार. आत्तासुद्धा टिकलेला नाहीये." तो थांबला. बोलण्याची सवय नसलेल्या माणसाचं असं असतं, एकेक शब्द फावड्याने उचलून टाकावा लागतो. "गेल्या वर्षी पाणी किती वेळा रस्त्यावर आलं, सांगा बघू. एव्हरेट, तू सांग."

"आठ? दहा?"

"एकसष्ट वेळा."

एव्हरेटने हातोडा खाली ठेवला.

"एकसष्ट," हॉलिस म्हणाला. "मी शेडच्या दारावर खडूने लिहितो. त्याच्या आदल्या वर्षी अठ्ठेचाळीस. रात्रीची भरती उतरली की मी पहाटे चारला जातो. शेवाळ ओढतो, ओंडके बाजूला करतो, वाहून गेलेली खडी परत टाकतो, लोडरने दाबतो. सातच्या आत. तुम्ही उठून येता तेव्हा रस्ता चांगला असतो. तुम्ही म्हणता, काय बाई छान ठेवलाय रस्ता. आणि मला बरं वाटतं." त्याने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "मला बरं वाटायचं, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. दिवसाची भरती असली की तुम्हाला दिसायचं, ते आठ-दहा वेळा. बाकीचं मी दिसू दिलं नाही."

"पण मला तू तोंडावर सांगितलंस!" गॅरेट उठून उभा होता. "माझ्या बायकोसमोर!"

"हो. सांगितलं."

"खोटं सांगितलंस?"

"तेव्हा मला खरंच वाटत होतं, मी आहे तोवर निभावेल. पहाटे उठायचंय, एवढंच तर आहे." हॉलिसने पहिल्यांदा मान वर केली. "मग मेरिल गेले."

मेरिल म्हणजे लंटबाईंचे यजमान. गेल्याच्या आदल्या जानेवारीत सकाळी नऊला त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका बांधाच्या अलीकडे येऊन उभी राहिली, समोर पाणी. हॉलिस लोडर घेऊन पाण्यात घुसला. मेरिलना केबिनमध्ये बसवून घेऊन आला, बाई बाहेर लोडरच्या पायरीवर उभ्या, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्याने नवऱ्याचा कोट. चाळीस मिनिटं गेली होती. इस्पितळाच्या वाटेवर मेरिल गेले. दाखला मीच लिहिला.

"पाणी चाकांच्या वर होतं," हॉलिस म्हणाला. "तो बांध मला तळहातासारखा ठाऊक आहे, तरी दोनदा वाटलं, गेलो. आणि मग सांगू, मी काय केलं? दुसऱ्या दिवशी पहाटे चारला गेलो आणि रस्ता साफ केला. सातला टपालगाडी गेली. कुणाला वाटावं, इथे काही झालंच नाही." त्याने टोपीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "लहान पोरगी आहे तिथे. उद्या तिला काही झालं तर? एव्हरेट, माझ्याने नाही टिकणार. सोडून द्या."

मला रडू आलं, आणि रागही आला. त्याचा नाही, स्वतःचा. माझं घर त्याच रस्त्यावर आहे, बांधाच्या अलीकडे. गेली बारा वर्षं पहाटे चारला मी जागी असते, माझी झोपच तशी, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचा ट्रक जाताना पाहते. महिन्यातून एकदा जायचा, मग दोनदा, मग सलग पाच-पाच दिवस. कॉफीचा कप हातात धरून मी म्हणायची, किती कामाचा माणूस आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कळायला मला कुठे इंजिनिअर लागत होता? त्याने झाकलं, पण मीही झाकलंच की. सोईचं होतं सगळ्यांना.

लंटबाईंच्या सुया थांबल्या होत्या. मग पुन्हा चालू झाल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

गॅरेट अजून उभाच होता. मेरेडिथने त्याची बाही ओढली. "बस ना," ती हळू म्हणाली, "ती उठेल." तो बसला नाही. भिंतीशी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

डेलने हात वर केला, मग नको म्हणून खाली घेतला. एव्हरेटने मतदान पुकारलं.

आमच्याकडे मत लपवून देत नाहीत. कार्ड वर धरायचं आणि मी मोजून होईपर्यंत धरून ठेवायचं. शेजारी बघतो, भाऊ बघतो, ज्याचं घर जाणार तो बघतो. सात जणांनी मागणी केली असती तर गुप्त मतदान झालं असतं. कुणी केली नाही. एवढी लाज तरी आम्ही राखली.

"बाजूने असतील त्यांनी."

पिवळी कार्डं वर झाली. सावकाश, एकमेकांकडे पाहून. मी रांगांमधून चालत मोजत गेले. हॉलिसचं कार्ड वर होतं. हात खांद्याच्या वर गेला नव्हता, पण वर होता. मी त्यालाही मोजलं. परत टेबलाशी आले आणि माझं स्वतःचं कार्ड उचललं. लपवत नाही. मीही बाजूनेच मत दिलं.

"विरुद्ध असतील त्यांनी."

लंटबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि कार्ड वर धरलं, अगदी सरळ. हे मतदान त्या हरणार हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. मी त्यांच्यासमोरून गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "नीट मोज, नोरीन." बाईंना गणित चुकलेलं कधीच चालत नव्हतं.

सत्त्याण्णव विरुद्ध चौसष्ट. एव्हरेटने आकडे वाचले, हातोडा आपटला. टाळ्या वाजल्या नाहीत. घड्याळात साडेअकरा झाले होते आणि त्या वेळी, आम्ही तिथे बसलेले असताना, रस्त्यावर पाणी होतं. लंट पॉइंटच्या लोकांना संतापून घरी निघून जाण्याचीसुद्धा सोय नव्हती. एक वाजेपर्यंत त्यांना आमच्यातच बसायचं होतं, आमच्याच हंडीतला घेवडा खायचा होता.

"ठराव बत्तीस," एव्हरेट म्हणाला. "रस्ते आयुक्ताची वर्षभरासाठी निवड. नावं सुचवा."

दरवर्षी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चार-पाच जण 'हॉलिस' म्हणतात, कारण त्यानंतर जेवण असतं. आज कुणी बोललं नाही.

एव्हरेटने चष्म्यावरून पाहिलं. "नावं?"

खुर्च्या करकरल्या. कुणी खोकलं. मी पेन धरून बसले होते आणि लोकांचे चेहरे पाहत होते. रागावलेले थोडेच होते, भिंतीशी उभा गॅरेट आणि त्याचे एक-दोन मित्र. बाकीचे रागावलेले नव्हते. त्यांना हॉलिसकडे बघवत नव्हतं. एकसष्ट वेळा त्यांच्यासाठी जो चिखलात उभा राहिला, त्याच्याकडे कुणाला बघवत नव्हतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, पुरे, आता मीच उठते.

माझ्या आधी पुढच्या रांगेतली खुर्ची मागे सरकली.

लंटबाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो. आधी विणकाम पिशवीत, मग पिशवी खुर्चीवर, मग दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळी सभा थांबली होती.

"हॉलिस ॲली," त्या म्हणाल्या.

एव्हरेटने चष्मा वर सरकवला. "बाई, आपण... नाव सुचवताय?"

"मी काय म्हणाले ते तुला ऐकू आलं, एव्हरेट."

"हो बाई." तो कानापर्यंत लाल झाला. "नाव सुचवलंय, हॉलिस ॲली. अनुमोदन?"

"अनुमोदन," मी म्हटलं.

अठरा वर्षांत चिटणीस म्हणून मी सभेत एक शब्द बोलले नव्हते. सगळ्यांनी वळून पाहिलं. चालतं की नाही, नियमात बसतं की नाही, मला माहीत नव्हतं. एव्हरेटला नक्की माहीत असणार, पण त्याने नुसती मान डोलावली.

हॉलिस मात्र पुढे झाला. हीटरपासून दोन पावलं आला.

"नको," तो म्हणाला. "बाई, माझं नाव नको. तुमच्याकडून तर नकोच. तुमचं घर मी..." टोपी हातातून खाली पडली, ती त्याने उचलली नाही. "दुसऱ्या कुणाला तरी द्या. डेलला द्या. तरुण पोरं आहेत. मी दमलोय, बाई."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या.

आता त्या वळल्या होत्या. सकाळपासून पहिल्यांदा दोघे समोरासमोर होते. बाई एवढ्याशा, त्याच्या छातीपर्यंत येतील न येतील. डोळे कोरडे होते त्यांचे.

"पन्नास-पंचावन्न वर्षांचं घर आवरायचंय मला," त्या म्हणाल्या. "मेरिलची हत्यारं आहेत, पुस्तकं आहेत, पियानो आहे. नोव्हेंबरपर्यंत किती फेऱ्या होतील, मोजलं नाही अजून. तोवर मला त्याच रस्त्याने यायचं-जायचंय. आणि तो रस्ता ज्याला कळतो, असा या गावात एकच माणूस आहे."

"बाई, मी तुम्हाला..."

"खाली बस, हॉलिस."

तिसरी-चौथीच्या वर्गात म्हणावं तसं म्हणाल्या. मोठ्याने नाही, रागाने नाही.

हॉलिसने मागे पाहिलं. मेरेडिथच्या शेजारी गॅरेटची खुर्ची रिकामी होती. तिने पोरीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने त्या खुर्चीवरचा कोट उचलला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस तिथे जाऊन बसला, गुडघे जुळवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि समोर बघत राहिला.